सिरोसिस, पोटात पाणी आणि अडकलेला बेंबीचा हर्निया: भूल कशी द्यायची?

प्रश्न असा आहे: ५२ वर्षांचा पुरुष, बरीच वर्षे दारू, गेले तीन आठवडे बंद. लिव्हर सिरोसिस, पोट पाण्याने ताणलेले. बेंबीचा हर्निया कालपासून अडकलेला, उलट्या चालू, सर्जन म्हणतात आज रात्रीच करावे लागेल. वजन ६८ किलो. बिलिरुबिन २.६, अल्ब्युमिन २.५, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) १.८, प्लेटलेट ६४,०००, हिमोग्लोबिन ९.१, क्रिएटिनिन १.३, सोडियम १२८, पोटॅशियम ३.३. बोलतो नीट. चार पिशव्या एफएफपी (गोठवून साठवलेला प्लाझ्मा) देऊन स्पायनल (कण्यात सुईने दिलेली भूल) द्यावा का? की जनरल (पूर्ण बेशुद्ध करणारी भूल)? आणि कोणती औषधे टाळावीत?

आधी थोडक्यात: जनरल द्या, रॅपिड सिक्वेन्सने (उलटी फुप्फुसात जाऊ नये म्हणून झटपट झोपवून) ट्यूब घाला, जोडीला अल्ट्रासाउंडखाली दोन्ही बाजूंना रेक्टस शीथ ब्लॉक (पोटाच्या उभ्या स्नायूंमागे बधिरतेचे इंजेक्शन). स्पायनल नको. आयएनआरचा आकडा गोंडस दिसावा म्हणून एफएफपी तर मुळीच नको. औषधांच्या यादीची काळजी आपण जरा जास्तच करतो. असे रुग्ण अमुक रिलॅक्संट (स्नायू सैल करणारे औषध) वापरला म्हणून क्वचितच दगावतात. इंडक्शननंतर पडलेला आणि वेळेवर न उचललेला रक्तदाब, आणि नंतर वॉर्डातले पहिले पाच-सहा दिवस, इथे त्यांचे खरे नुकसान होते. त्यामुळे पुढे औषधांपेक्षा रक्तदाब, मूत्रपिंड आणि रक्तस्राव यांवरच जास्त लिहिले आहे.

प्रथम जोखीम, कारण नातेवाइकांशी बोलणे भुलीच्या आधी करायचे असते. चाइल्ड-प्यू स्कोअर (सिरोसिसची तीव्रता गुणांत मोजण्याची पद्धत) मोजा: बिलिरुबिन २ ते ३ मध्ये म्हणून २ गुण, अल्ब्युमिन २.८ च्या खाली म्हणून ३, आयएनआर १.७ ते २.३ मध्ये म्हणून २, भरपूर जलोदर ३, एन्सेफॅलोपॅथी (यकृत बिघडल्याने येणारी गुंगी) नाही म्हणून १. बेरीज ११, म्हणजे वर्ग ‘सी’. मेल्ड (बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिनवरून काढलेला स्कोअर) येतो १९, आणि सोडियम धरून काढलेला मेल्ड-एनए २५. हा फरक महत्त्वाचा आहे; १२८ सोडियम हे रक्ताभिसरण किती ताणलेले आहे त्याचे माप आहे. पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी जुन्या मालिकांमधले मृत्यूचे आकडे ‘ए’ ला सुमारे १० टक्के, ‘बी’ ला ३० आणि ‘सी’ ला ७५ ते ८० टक्के असे आहेत. ते १९८० आणि ९० च्या दशकांतले; आजचे आकडे, विशेषतः हर्नियासाठी, बरेच चांगले आहेत. मेल्डचा ढोबळ नियम असा की २० पर्यंत प्रत्येक गुणाला ३० दिवसांतला मृत्यूचा धोका साधारण १ टक्का वाढतो, २० च्या पुढे प्रत्येक गुणाला २ टक्के. हातात मोबाइल असेल तर व्होकल-पेन स्कोअर काढा. तो सिरोसिसच्या रुग्णांसाठीच बनवलेला आहे आणि शस्त्रक्रियेचा प्रकार, ती तातडीची आहे का, हेही धरतो. नातेवाइकांना “धोका आहे” एवढेच सांगू नका. टेबलावर काही होण्यापेक्षा नंतर किडनी बंद पडणे, गुंगी येणे, जंतुसंसर्ग होणे आणि जखमेतून पाणी गळणे यांची शक्यता मोठी आहे, असे स्पष्ट सांगा.

हाच हर्निया अडकलेला नसता, वरची त्वचा फाटून पाणी बाहेर आलेले नसते, तर आज भूल देण्याचा प्रश्नच नव्हता. आधी पाणी आटोक्यात आणायचे, मग ठरवून करायचे. चालू अल्कोहोलिक हेपॅटायटिस आणि तीव्र विषाणूजन्य कावीळ यांत तर टाळता येणारी कोणतीही शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. आपल्याकडे पावसाळ्यात ‘ए’ आणि ‘ई’ च्या काविळीचे रुग्ण वाढतात, तेव्हा ट्रान्सअमायनेज (यकृताच्या पेशी दुखावल्यावर रक्तात वाढणारी एन्झाइम) वाढलेले दिसले की “पित्ताशयाचे खडे असतील” म्हणून घाई करू नये.

शस्त्रक्रियेआधी मिळणाऱ्या तास-दीड तासात काय पाहायचे?

एन्सेफॅलोपॅथी “बोलतो नीट” यावरून ठरत नाही. दोन्ही हात पुढे करून पंजे मागे वळवायला सांगा आणि अर्धा मिनिट फडफड होते का पाहा. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे आठवतील तितकी सांगायला लावा. १० च्या आत थांबला तर गडबड आहे असे समजा. ही नोंद लिहून ठेवा, नाहीतर उद्या सकाळी तो गुंगीत दिसला की आधी कसा होता यावर वाद होतो.

ऑक्सिजन सॅच्युरेशन झोपवून आणि बसवून, दोन्ही वेळा बघा. पाणी भरलेल्या पोटामुळे झोपल्यावर ते कमी होणे अपेक्षित आहे. उलट बसल्यावर कमी होत असेल तर हेपॅटोपल्मोनरी सिंड्रोमचा संशय घ्या: फुप्फुसातल्या केशवाहिन्या रुंदावतात आणि रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जाते. सॅच्युरेशन ९६ च्या खाली असेल तर रक्तवायू तपासा. उजव्या छातीत पाणी असेल तर ते बहुधा पोटातूनच वर आलेले असते. सुईने काढता येते, पण इंटरकॉस्टल ड्रेन घालून ठेवू नका; तो वाहतच राहतो आणि रोज प्रथिने, क्षार घेऊन जातो. शक्य असेल तर हृदयाचा इको. पल्मनरी दाब खूप वाढलेला निघाला तर हा रुग्ण तुमच्या रुग्णालयाचा नाही. ईसीजीत क्यूटी लांबलेला आहे का पाहा, कारण पोटॅशियम ३.३ असताना ओन्डान्सेट्रॉनची मोठी मात्रा देण्याआधी ते माहीत हवे.

क्रिएटिनिन १.३ हा आकडा फसवा आहे. स्नायू झडलेल्या माणसात ०.६ ते ०.७ हे खरे ‘नॉर्मल’ असते, म्हणजे याची गाळणक्षमता अर्ध्यावर आली असण्याची शक्यता धरूनच चालायचे. जुना रिपोर्ट मागवा. ४८ तासांत ०.३ ने वाढले असेल तर ती तीव्र मूत्रपिंड इजा आहे. डाययुरेटिक आजपासून बंद. डायक्लोफेनॅक आणि जेन्टामायसिन, अमिकासिन यांपैकी काहीही कुणी सवयीने देणार नाही याची खात्री करा; तातडीच्या रात्री हेच सर्रास होते. पोटॅशियम तासाला १० मिलीमोलच्या वेगाने भरून काढायला सुरुवात करा, लघवी होते आहे हे पाहून. कमी पोटॅशियममुळे मूत्रपिंडात अमोनिया जास्त तयार होतो, म्हणून ही दुरुस्ती मेंदूसाठीही आहे. सोडियम मात्र घाईने वाढवू नका. २४ तासांत ८ मिलीमोलपेक्षा जास्त चढू द्यायचे नाही. अल्ब्युमिन, सलाइन आणि रक्तघटक या सगळ्यांत सोडियम असते, त्यामुळे ते नकळत चढते.

पोटातल्या पाण्याचा नमुना तपासायला पाठवाच. पॉलिमॉर्फ पेशी घन मिलिमीटरला २५० किंवा जास्त असतील तर तो स्पॉन्टेनियस बॅक्टेरियल पेरिटोनायटिस (पोटातल्या पाण्याचा जंतुसंसर्ग) आहे, आणि मग तिसऱ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन व सोबत अल्ब्युमिन, पहिल्या दिवशी किलोला १.५ ग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी १ ग्रॅम, असा उपचार लागतो.

औषधांची चौकशी करताना काढे, गोळ्या आणि काविळीच्या मुळ्या-पाल्याबद्दल वेगळे विचारा. आपणहून कुणी सांगत नाही, कारण ते ‘औषध’ समजले जात नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतल्या यकृत-इजेची नोंद प्रसिद्ध केली होती. आधीच्या सिरोसिसवर अशी नवी इजा बसली असेल तर कालचा स्कोअर आज खरा राहत नाही. क्षयाची औषधे चालू आहेत का, तेही विचारा. आणि दारूबद्दल घरच्यांना बाजूला घेऊन पुन्हा विचारा. तीन आठवडे खरे असतील तर विड्रॉवलची (दारू अचानक तुटल्याने होणाऱ्या त्रासाची) भीती नाही. तीन दिवस असतील तर आहे. थायमिन २०० मिग्रॅ शिरेतून द्या, आणि डेक्स्ट्रोज सुरू करण्याआधी द्या.

आता रक्त गोठण्याचा मुद्दा. इथे थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक चुकीचे निर्णय इथेच होतात.

प्रोथ्रॉम्बिन टाइम ही चाचणी फक्त गोठवणाऱ्या घटकांची कमतरता मोजते. सिरोसिसमध्ये यकृत दोन, पाच, सात, नऊ, दहा हे घटक कमी बनवते हे खरे. पण गोठणे रोखणारी प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन हीसुद्धा यकृतातच बनतात, तीही तितकीच घटलेली असतात, आणि ती बाजू आयएनआरमध्ये दिसतच नाही. प्लेटलेट कमी असतात, पण त्यांना चिकटवणारा व्हॉन विलेब्रँड घटक आणि घटक आठ वाढलेले असतात. म्हणजे रुग्ण नव्या, खालच्या पातळीवर समतोल साधून आहे. वॉरफरिन घेणाऱ्याचा १.८ आणि सिरोसिसवाल्याचा १.८ यांचा अर्थ एक नाही. हा समतोल नाजूक मात्र असतो: संसर्ग, मूत्रपिंड बिघडणे, थंडी, ॲसिडोसिस यांनी तो रक्तस्रावाकडेही झुकतो आणि गुठळ्यांकडेही.

आता चार पिशव्यांचा हिशेब करा. पोटातले पाणी वजा जाता कोरडे वजन ६० किलो आणि किलोला १५ मिली धरले तर ९०० मिली प्लाझ्मा. एफएफपीचा स्वतःचा आयएनआर साधारण १.१ ते १.३ असतो, म्हणून १.८ चा फार तर १.५-१.६ होतो, तोही काही तासांपुरता. त्या बदल्यात पोर्टल दाब वाढतो. याचा अर्थ अन्ननलिकेतल्या व्हेरिसेस (फुगलेल्या शिरा) आणि बेंबीभोवतीच्या ज्या फुगलेल्या शिरांमधून सर्जनला जायचे आहे, त्या आणखी तट्ट होतात. रक्तस्राव थांबवायला दिलेल्या वस्तूने रक्तस्राव वाढवायचा हा प्रकार आहे. शिवाय अल्ब्युमिन २.५ असताना ९०० मिली प्लाझ्मा घाईने ओतला तर फुप्फुसे भरण्याचाही धोका.

मग काय करायचे? व्हिटॅमिन के १० मिग्रॅ शिरेतून सावकाश द्या. कुपोषण, अँटिबायोटिक किंवा पित्त अडणे यांमुळे कमतरता असेल तर फायदा होतो, नसेल तर तोटा नाही. परिणामाला सहा ते बारा तास लागतात. प्लेटलेट ६४,००० या शस्त्रक्रियेला पुरेत, ५०,००० च्या वर असताना आगाऊ चढवू नका; निम्म्या तर प्लीहेतच अडकतात. फायब्रिनोजेन (गुठळीचे जाळे बनवणारे प्रथिन) मोजा. टीईजी किंवा रोटेम (गुठळी कशी बनते ते दाखवणारे) यंत्र नसले तरी ही चाचणी जिल्हा पातळीवर करून घेता येते, आणि आयएनआरपेक्षा ती जास्त उपयोगी आहे. १०० ते १२० मिग्रॅच्या खाली असेल आणि प्रत्यक्ष रक्तस्राव होत असेल तर क्रायोप्रेसिपिटेट (प्लाझ्मातून वेगळा काढलेला, फायब्रिनोजेन असलेला घटक) द्या, दर ५ ते १० किलोला एक पिशवी. म्हणजे इथे ६ ते १०, एकूण आकारमान एफएफपीच्या पाव हिश्शाहून कमी. रक्तपेढीला सहा क्रायो, दोन एफएफपी आणि दोन पीसीव्ही (लाल पेशींच्या पिशव्या) तयार ठेवायला सांगा, पण सर्जनने “सगळीकडून झिरपतंय” असे म्हटल्याशिवाय लावू नका. झिरपत असेल आणि फायब्रिनोजेन, प्लेटलेट, तापमान, कॅल्शियम सगळे ठीक असेल तर फायब्रिनोलिसिसचा (झालेली गुठळी विरघळण्याचा) विचार करून ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम. आगाऊ, सवयीने नको. २०२० च्या हॉल्ट-आयटी चाचणीत पचनमार्गाच्या रक्तस्रावात त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, शिरांतल्या गुठळ्या मात्र वाढल्या.

“आयएनआरला अर्थ नाही, तर मग स्पायनलला काय हरकत?” हा प्रतिप्रश्न रास्त आहे. हरकत दोन गोष्टींना. एक, कण्यातला रक्तस्राव दाबून थांबवता येत नाही आणि पाय गेल्यावर परत येत नाहीत. म्हणून तिथे उंबरठा वेगळा ठेवावा लागतो: आयएनआर १.४ च्या आत आणि प्लेटलेट निदान ७५ ते ८० हजार. हा रुग्ण दोन्हींत बसत नाही. दोन, बेंबीसाठी टी-६ पर्यंत (छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत) बधिरता लागते, तेवढ्या सिंपॅथेटिक ब्लॉकने आधीच सैल असलेल्या रक्तवाहिन्या आणखी सैल होतात. पोट ताणलेले असल्याने एपिड्युरल शिरा फुगलेल्या, त्यामुळे नेहमीच्या मात्रेची पातळीही अंदाजापेक्षा वर जाते. आणि उलट्या करणाऱ्या, आतडे अडकलेल्या माणसाला उताणे झोपवून श्वासमार्ग उघडा ठेवणे मुळात चांगले नाही. नुसत्या लोकल आणि ब्लॉकवर लहान हर्निया होऊ शकतो, पण आतडे काळे पडलेले निघाले आणि कापून जोडायचे ठरले तर मध्येच जनरल द्यावी लागते, तेव्हा परिस्थिती आणखी वाईट असते.

पोटातले पाणी आधी थोडे काढा, सगळे नाही. दोन-तीन लिटर काढल्याने डायफ्रॅम खाली येतो, ऑक्सिजनचा साठा वाढतो आणि जठरावरचा दाब उतरतो. ५ लिटरपेक्षा जास्त काढले तर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन द्यायचेच असते. या रुग्णात मूत्रपिंड कडेवर असल्यामुळे ३ लिटरलाही २० टक्क्यांच्या अल्ब्युमिनची १०० मिलीची एक बाटली, म्हणजे २० ग्रॅम, लावा. बाटली महाग आहे, पण या केसमध्ये खर्च करायचाच असेल तर तो इथे करावा. हर्निया अडकलेला नसताना एकदम मोठ्या प्रमाणात पाणी काढल्यामुळेच तो अडकू शकतो, हेही वॉर्डातल्या सहकाऱ्यांना सांगून ठेवण्यासारखे आहे.

आता रक्तदाब. यकृताला हृदयाच्या एकूण पुरवठ्याचा सुमारे चौथा हिस्सा मिळतो. त्यातला ७० ते ७५ टक्के पोर्टल शिरेतून, बाकी धमनीतून. ऑक्सिजन मात्र दोघांकडून जवळपास निम्मा-निम्मा. निरोगी यकृतात पोर्टल प्रवाह घटला की धमनी रुंदावते. सिरोसिसमध्ये पोर्टल प्रवाह आधीच घटलेला असतो, आणि ही भरपाई करण्याची ताकदही बोथट झालेली असते. त्यामुळे धमनीचा दाब पडला की यकृत थेट उपाशी राहते. मूत्रपिंडाचेही तेच. अशा रुग्णाचे हृदय विश्रांतीत जोरात चालते, नाडी भरलेली, हात गरम, आणि इको ‘नॉर्मल’ येतो. ताण पडल्यावर मात्र ते उचल घेत नाही. म्हणून दाब पडला की सलाइनची बाटली दाबून संपवणे हा उत्तराचा छोटा भाग, नॉरॲड्रेनॅलिन (रक्तवाहिन्या आवळून दाब उचलणारे औषध) हा मोठा.

इंडक्शनच्या आधीच ते सिरिंज पंपावर जोडलेले हवे. बेसच्या हिशेबाने ४ मिग्रॅ २५० मिली ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये घातले तर मिलीला १६ मायक्रोग्रॅम होतात. कोरड्या ६० किलोला ०.०५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट म्हणजे ताशी सुमारे ११ मिली. ॲम्प्युलवरचे लेबल वाचा: वजन बायटार्ट्रेटचे दिले आहे की बेसचे? २ मिग्रॅ बायटार्ट्रेट म्हणजे १ मिग्रॅ बेस. दुपटीची चूक इथेच होते. कोपराजवळच्या मोठ्या, चांगल्या शिरेतून काही तास चालते. आर्टेरियल लाइन (धमनीतून दाब सतत मोजणारी नळी) जागेपणीच घाला. सेंट्रल लाइन लागली तर मानेत, अल्ट्रासाउंडखाली. सबक्लेव्हियन नको, कारण तिथे दाबून धरता येत नाही. मीन (सरासरी) दाब ६५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. नॉरॲड्रेनॅलिन ०.२ च्या पुढे जाऊ लागले तर व्हॅसोप्रेसिन मिनिटाला ०.०१ ते ०.०४ युनिट जोडा.

रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) घालावी का, यावर वाद घालण्याची गरज नाही. आतडे अडकले आहे, म्हणजे जठर रिकामे करावेच लागेल. व्हेरिसेस असणे ही पूर्ण मनाई नाही. मऊ नळी, भरपूर जेली, जबरदस्ती नाही. गेल्या काही दिवसांत व्हेरिसेसचे बँडिंग (रबरी कड्यांनी बांधणे) झाले असेल तर मात्र एंडोस्कोपी करणाऱ्याला विचारूनच.

टेबलाचे डोके २५ ते ३० अंश वर, पाच मिनिटे घट्ट मास्कने प्रीऑक्सिजनेशन. हा टप्पा उरकू नका. असे रुग्ण मिनिटाभरात निळे पडतात. मिडाझोलॅम नको, प्रीमेड म्हणूनही नको. फेंटॅनिल ६० ते १०० मायक्रोग्रॅम. इंडक्शनला केटामीन किलोला १ मिग्रॅ ही पहिली पसंती. एटोमिडेट किलोला ०.२ ते ०.३ मिग्रॅ दाब छान राखतो, पण या रुग्णांत ॲड्रिनल आधीच थकलेली असण्याची शक्यता बरीच, म्हणून ते दुसऱ्या क्रमांकावर. फक्त प्रोपोफॉल असेल तर किलोला १ मिग्रॅ, सावकाश, नॉरॲड्रेनॅलिन चालू ठेवून. एका मात्रेचे विघटन सिरोसिसमध्येही ठीक होते. अडचण दाबाची आहे.

सक्सामेथोनियम १०० मिग्रॅ चालेल. ते मोडणारे सूडोकोलिनेस्टरेज एन्झाइम यकृतात बनते म्हणून ते लांबते हे परीक्षेतले उत्तर बरोबर आहे, पण प्रत्यक्षात ही लांबण काही मिनिटांची असते, आणि आपण तासभर भूल देणारच आहोत. रोक्युरोनियम किलोला १.२ मिग्रॅ हाही पर्याय. त्याचा निचरा पित्तातून होतो, त्यामुळे दीड-दोन तास राहू शकते. सुगामॅडेक्स (रोक्युरोनियमचा उतारा) हाताशी असेल तरच ते निवडा. पुढे देखभालीला ॲट्राक्युरियम: ते शरीराच्या तापमानाला आणि पीएचला आपोआप मोडते, यकृत-मूत्रपिंडाची वाट पाहत नाही. सिसॲट्राक्युरियम मिळाले तर तेच, हिस्टामिन नको म्हणून. पाण्याने वितरणाचे आकारमान वाढलेले असते, म्हणून पहिली मात्रा थोडी जास्त लागल्यासारखी वाटते आणि पुढच्या मात्रा कमी लागतात. नर्व्ह स्टिम्युलेटर लावा, घड्याळ बघून रिलॅक्संट देऊ नका.

देखभालीला सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन, ०.७ ते १ मॅक (भुलीच्या वायूच्या ताकदीचे माप). हॅलोथेनची यकृताशी जोडलेली बदनामी बाकीच्यांना लागू करू नका. हॅलोथेनचे सुमारे २० टक्के शरीरात मोडते आणि त्यातून तयार होणाऱ्या ट्रायफ्लुरोॲसिटिल संयुगांवर प्रतिकारशक्ती उलटते, आयसोफ्लुरेनचे ०.२ टक्के, डेसफ्लुरेनचे ०.०२ टक्के मोडते. सेव्होफ्लुरेनचे २ ते ५ टक्के मोडत असले तरी त्यातून ते संयुग बनत नाही. नायट्रस मात्र नको, आतडी फुगतात. कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४० ठेवा. जोरजोरात व्हेंटिलेट करून ते ३० च्या खाली नेले की यकृताकडचा प्रवाह घटतो. पीप (श्वास सोडल्यावर फुप्फुसात राखलेला दाब) ५ ते ६ पुरे, जास्त पीपने यकृतातून बाहेर पडणारे रक्त अडते.

रेक्टस शीथ ब्लॉक चीर घेण्याआधी. रेक्टस स्नायूच्या मागच्या पृष्ठभागावर आणि पोस्टिरियर शीथच्या वर औषध पसरायला हवे. सुई बाहेरच्या कडेकडून आत आणा. खाली काळे दिसते ते जलोदराचे पाणी, तिथे सुई गेली तर औषध वाया. आधी डॉपलर फिरवून फुगलेल्या शिरा आणि एपिगॅस्ट्रिक वाहिन्या बघून घ्या. रोपिव्हॅकेन ०.२ टक्के, प्रत्येक बाजूला २० मिली, एकूण ८० मिग्रॅ. अमाइड औषधे यकृतातच मोडतात. एका मात्रेचे काही होत नाही, पण कॅथेटर ठेवून पुन्हा पुन्हा देणार असाल तर मात्रा निम्मी करा. लिग्नोकेनचे इन्फ्यूजन या रुग्णात नको.

सर्जन पोट उघडतील त्या क्षणी पाणी धबाधबा बाहेर येते आणि पोटातल्या वाहिन्यांवरचा दाब एकदम उतरून रक्तदाब कोसळतो. हे आधीच बोलून ठेवा: सक्शन हळू, आणि तुम्ही “चालू द्या” म्हटल्यावर. त्याच वेळी अल्ब्युमिनची दुसरी बाटली सुरू. बाकी द्रव म्हणून प्लाझ्मालाइट किंवा रिंगर लॅक्टेट. लॅक्टेट यकृतात मोडते म्हणून रिंगरला घाबरणारे बरेच आहेत, पण दोन-तीन बाटल्यांनी काही बिघडत नाही, फक्त लॅक्टेटचा रिपोर्ट वाचताना ते ध्यानात ठेवा. स्टार्च अजिबात नको. हिमोग्लोबिन ७ ते ८ च्या वर असेतो रक्त नको. गरजेपेक्षा जास्त भरले की व्हेरिसेस फुटतात. रक्त किंवा प्लाझ्मा दिलाच तर आयनाइज्ड कॅल्शियम बघा. सायट्रेट यकृत मोडते, इथे ते साठते आणि दाब “कशानेच उचलत नाही” असे वाटू लागते. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, सावकाश. साखर दर तासाला. ग्लायकोजेनचा साठा नसल्यामुळे ती भुलीखाली गुपचूप ७० च्या खाली जाते. रुग्ण गरम ठेवा. अँटिबायोटिक चिरेआधी अर्ध्या ते एक तासात.

ट्यूब काढताना घाई नको. ट्रेन ऑफ फोर (नर्व्ह स्टिम्युलेटरच्या चार झटक्यांतल्या शेवटच्या व पहिल्या प्रतिसादाचे) गुणोत्तर ०.९, पूर्ण जागा, खोकतो आहे, सांगितलेले करतो आहे, डोके वर. यातली एक जरी गोष्ट कमी असेल तर रात्रभर व्हेंटिलेटरवर ठेवणे कमीपणाचे नाही.

वेदनेसाठी पॅरासिटामोल चालते, आणि तेच मुख्य औषध. लोक यकृत म्हटले की आधी तेच बंद करतात आणि डायक्लोफेनॅक लिहितात, हे अगदी उलटे आहे. मर्यादा दिवसाला २ ग्रॅम: ५०० मिग्रॅ दर सहा तासांनी. एक ग्रॅमची बाटली लावून अर्धी टाकून देण्याची शिस्त नर्सिंगला समजावून लिहून द्या. ब्लॉक उतरल्यावर फेंटॅनिल २५ मायक्रोग्रॅमच्या मात्रा. मॉर्फिन, पेथिडिन, ट्रॅमाडॉलची नियमित मात्रा टाळा: पेथिडिनचे उपउत्पादन झटके आणते, मॉर्फिनचे मूत्रपिंड बिघडले की साठते.

पुढचे पाच दिवस. पहिल्या ४८ तासांत लघवी तासाला ०.५ मिली प्रति किलोच्या खाली गेली किंवा क्रिएटिनिन ०.३ ने वाढले की लगेच हालचाल करा. संसर्ग शोधा, अल्ब्युमिन किलोला १ ग्रॅम दिवसाला असे दोन दिवस, आणि तरी सुधारणा नसेल तर हेपॅटोरीनल सिंड्रोम (यकृताच्या आजारामुळे मूत्रपिंड बंद पडणे) समजून टर्लिप्रेसिन ०.५ ते १ मिग्रॅ दर चार ते सहा तासांनी. सॅच्युरेशन ९० च्या खाली असेल किंवा बोटे, पोट, हृदय यांपैकी कुठे रक्तपुरवठ्याची तक्रार असेल तर टर्लिप्रेसिन नको; तिथे नॉरॲड्रेनॅलिन.

गुंगी आली की अमोनिया मोजत बसू नका, कारण शोधा: बद्धकोष्ठ, रक्तस्राव, संसर्ग, पोटॅशियम, कमी साखर, कुणीतरी दिलेले झोपेचे औषध. आतडे चालू झाल्यावर लॅक्ट्युलोज, दिवसातून दोन-तीन मऊ शौच होतील इतकेच. आतडे जोडले असेल तर सर्जनशी बोलून एनिमाने. रिफॅक्सिमिन ५५० मिग्रॅ दोनदा. विड्रॉवल दिसलाच तर लोराझेपॅम अर्धा ते एक मिग्रॅ. डायझेपॅम दिवसेंदिवस उतरत नाही.

आयएनआर १.८ आहे म्हणून गुठळ्या होणार नाहीत असे समजू नका. झिरपणे थांबले की दुसऱ्या दिवसापासून पायांना कम्प्रेशन आणि, प्लेटलेट ५०,००० च्या वर असतील व मूत्रपिंड ठीक असेल तर, एनॉक्सापॅरिन. प्रथिने बंद करण्याची जुनी रीत सोडा: किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने, ३० ते ३५ कॅलरी, आणि रात्री झोपताना काहीतरी खायला. शाकाहारी घरात दूध, डाळ, दही यांवर हे भागते.

जखमेतून पाणी गळू लागले तर ड्रेसिंग बदलत राहणे हा उपाय नाही. नवा टाका घालून बंद करा आणि पोटातले पाणी सुईने वारंवार, अल्ब्युमिन देऊन, कमी ठेवा. मिठाचे बंधन आणि क्रिएटिनिन खाली आल्यावर डाययुरेटिक. पाणी पोटात साठत राहिले तर हर्नियाची दुरुस्ती टिकत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बिलिरुबिन वाढलेले दिसेल. तीन-चारपर्यंत वाढ, ट्रान्सअमायनेज फारसे हललेले नाहीत, रुग्ण जागा, आणि रक्त दिलेले होते, तर चढवलेल्या रक्तातल्या पेशी मोडल्याचा तो भाग आहे. ट्रान्सअमायनेज हजारात गेले तर टेबलावरचा रक्तदाबाचा चार्ट पुन्हा काढून बघा, यकृताला रक्त कमी पडले आहे. बिलिरुबिन चढते, आयएनआर चढतो आणि सोबत गुंगी, तर यकृत साथ सोडत आहे. मेल्ड १५ च्या वर असलेल्या या रुग्णाचे प्रत्यारोपण केंद्राशी बोलणे तसेही व्हायलाच हवे होते. मुंबई, पुणे, नागपूर इथे ती केंद्रे आहेत आणि मृत दात्याच्या यकृताची यादी विभागीय समन्वय समितीमार्फत चालते. नाव नोंदवायला दारू सुटल्याचा कागदोपत्री आधार लागतो, म्हणून घरी जाण्यापूर्वीच मानसोपचारतज्ज्ञांची पहिली भेट आणि तिची नोंद डिस्चार्ज कार्डावर करून द्या.